लिनक्स फाइल प्रणालीतील दोषांची आभासी यंत्रांतील पुनर्निर्मिती

लिनक्स फाइल प्रणालीतील दोषांची आभासी यंत्रांतील पुनर्निर्मिती ही संगणकीय दोषशोधनाची एक पद्धत आहे. लिनक्स कर्नलच्या फाइल प्रणालीत आढळलेली चूक, ज्या संगणकावर ती प्रथम दिसली त्यास हात न लावता, सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर पुन्हा घडवून आणणे असे या पद्धतीचे स्वरूप असते. सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या अशा संगणकास आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. चूक हवी तेव्हा घडवून आणता आली की तिचे कारण शोधता येते आणि केलेली दुरुस्ती खरोखर लागू पडली की नाही, हेही तपासता येते. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या प्रमुख फाइल प्रणालींच्या विकासात ही पद्धत नित्याची झाली आहे. नवी मुंबईसारख्या, मोठ्या संख्येने डेटा सेंटर असलेल्या भागात साठवलेल्या माहितीची सुरक्षितता अंशतः अशा चाचण्यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

डिस्कवरील कोणता भाग कोणत्या फाइलचा आहे, फाइलचे नाव, आकार व मालकी काय आहे, तसेच कोणती जागा मोकळी आहे, याचा हिशेब ठेवण्याचे काम फाइल प्रणाली करते. या हिशेबाला मेटाडेटा म्हणतात. मेटाडेटात चूक झाली तर फाइलमधील मजकूर डिस्कवर शाबूत असूनही तो सापडत नाही, किंवा एकाच जागेवर दोन फाइलींचा हक्क नोंदला जातो.

इतर सॉफ्टवेअरमधील दोष बहुधा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर तात्पुरता तरी दूर होतो. फाइल प्रणालीतील दोषाचे तसे नसते. त्याने केलेले नुकसान डिस्कवर उरते, संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही कायम राहते आणि काही वेळा आठवड्यांनंतर लक्षात येते. तोपर्यंत बिघडलेल्या फाइली बॅकअपमध्येही उतरलेल्या असू शकतात.

आणखी एक अडचण वेळेची आहे. प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो प्रथम मुख्य स्मृतीत राहतो. लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार असा मजकूर सुमारे ३० सेकंद जुना झाला की तो डिस्कवर पाठवण्यास योग्य मानला जातो. ईएक्सटी४ आपल्या जर्नलमधील व्यवहार साधारणतः दर ५ सेकंदांनी पक्के करते. जर्नल म्हणजे मेटाडेटातील बदल प्रत्यक्ष जागी लिहिण्यापूर्वी ज्या राखीव जागेत नोंदवले जातात ती वही. या अवधीत संगणक बंद पडल्यास पुढील वेळी जर्नल वाचून अपुरे राहिलेले बदल पूर्ण केले जातात. फाइल प्रणालीतील अनेक दोष केवळ याच काही सेकंदांत, विशिष्ट क्रमाने घटना घडल्या तरच प्रकट होतात.

आभासी यंत्रांचा उपयोग

आभासी यंत्र ज्या खऱ्या संगणकावर चालते त्यास यजमान संगणक, तर यंत्रात चालणाऱ्या कार्यकारी प्रणालीस पाहुणी प्रणाली म्हणतात. लिनक्सवर या कामासाठी प्रामुख्याने क्यूईएमयू आणि केव्हीएम ही जोडी वापरली जाते. फाब्रिस बेलार्ड यांनी लिहिलेले क्यूईएमयू २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. ते संपूर्ण संगणकाची नक्कल करते. केव्हीएम हा कर्नलचा भाग असून तो फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. प्रोसेसरमधील आभासीकरणाच्या सोयींचा उपयोग करून तो पाहुण्या प्रणालीला खऱ्या संगणकाच्या जवळपास वेग मिळवून देतो.

दोषशोधनासाठी आभासी यंत्राचे चार विशेष लाभ आहेत.

पहिला लाभ नुकसानीच्या मर्यादेचा. आभासी डिस्क ही यजमान संगणकावरील एक साधी फाइल असते. चाचणीत ती पूर्णपणे बिघडली तरी कोणाचीही माहिती जात नाही.

दुसरा लाभ मूळ स्थितीला परतण्याचा. क्यूकाऊ२ या स्वरूपातील आभासी डिस्क थरांनी रचता येते. खालची पायाभूत प्रतिमा न बदलता सर्व नवे लेखन वरच्या थरात साठते. चाचणी संपल्यावर वरचा थर टाकून दिला की यंत्र पुन्हा पहिल्या स्थितीत येते. त्यामुळे एकच प्रयोग शेकडो वेळा, तंतोतंत त्याच प्रारंभस्थितीपासून करता येतो.

तिसरा लाभ कर्नल बदलण्याच्या सुलभतेचा. क्यूईएमयूला कर्नलची फाइल थेट देता येते, त्यामुळे नव्याने बांधलेला कर्नल काही सेकंदांत सुरू होतो. कर्नल कोलमडला तरी यजमान संगणक चालूच राहतो.

चौथा लाभ निरीक्षणाचा. पाहुणी प्रणाली मध्येच थांबवून जीडीबी या दोषशोधकाने तिच्या स्मृतीतील स्थिती बाहेरून तपासता येते. कर्नल कोलमडल्यावर खऱ्या संगणकाच्या पडद्यावरून निघून जाणारे संदेश येथे आभासी सीरियल पोर्टमार्फत फाइलमध्ये साठवता येतात.

कार्यपद्धती

माहितीचे संकलन

पुनर्निर्मितीचा आरंभ मूळ संगणकाच्या नोंदीपासून होतो. कर्नलची नेमकी आवृत्ती, फाइल प्रणाली तयार करताना व माउंट करताना दिलेले पर्याय, डिस्कचा प्रकार, प्रोसेसरमधील गाभ्यांची संख्या, स्मृतीचा आकार आणि कर्नलने नोंदवलेले संदेश ही किमान माहिती आवश्यक मानली जाते. तपासणीपूर्वी डिस्क केवळ वाचनासाठी माउंट करणे किंवा तिची प्रत काढणे हितावह असते. दुरुस्तीचे साधन घाईने चालवल्यास डिस्क वापरण्यायोग्य होते, परंतु दोषाचे पुरावे नष्ट होतात.

संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्याच्या हाती देणे अनेकदा शक्य नसते. एखाद्या रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या सर्व्हरवर खासगी माहिती असते. यासाठी केवळ मेटाडेटाची प्रत काढणारी साधने उपलब्ध आहेत: ईएक्सटी४साठी ई२इमेज, एक्सएफएससाठी एक्सएफएस मेटाडंप आणि बीटीआरएफएससाठी बीटीआरएफएस-इमेज. या प्रतीत फाइलींमधील मजकूर नसतो. एक्सएफएस मेटाडंप फाइलींची नावेही आपोआप झाकून टाकते; इतर दोन साधनांना तसा पर्याय द्यावा लागतो. अशी प्रत आभासी यंत्राला डिस्क म्हणून जोडता येते.

ताण देणे

त्यानंतर आभासी यंत्रात मूळ संगणकासारखा कामाचा भार निर्माण केला जातो. हजारो लहान फाइली बनवणे व पुसणे, एकाच फाइलवर अनेक प्रोग्रॅमनी एकाच वेळी लिहिणे, डिस्क जवळजवळ भरून टाकणे, स्मृती मुद्दाम अपुरी ठेवणे, हे नेहमीचे प्रकार होत. स्मृती कमी दिली की कर्नलला मजकूर लवकर डिस्कवर पाठवावा लागतो, आणि एरवी क्वचित चालणाऱ्या सूचना वारंवार चालू लागतात.

या कामी एक्सएफएसटेस्ट्स हा चाचणीसंच सर्वाधिक वापरला जातो. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत एक्सएफएससाठी तयार झालेला हा संच आज लिनक्सच्या बहुतेक फाइल प्रणालींना लागू आहे. ईएक्सटी४चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी तो आभासी यंत्रांत एका आज्ञेने चालवण्यासाठी केव्हीएम-एक्सएफएसटेस्ट्स हे साधन तयार केले. दोष दुरुस्त झाल्यावर तो घडवून आणणारी चाचणी या संचात जोडण्याची प्रथा आहे, जेणेकरून तोच दोष पुढील आवृत्तीत परतल्यास ध्यानात यावा.

दुभाजन

एखादा दोष जुन्या आवृत्तीत नसून नव्या आवृत्तीत असेल, तर मधल्या बदलांपैकी कारणीभूत बदल दुभाजनाने शोधला जातो. गिट या प्रणालीत त्यासाठी बायसेक्ट ही आज्ञा आहे. मधोमध असलेला बदल निवडून त्या टप्प्याचा कर्नल बांधायचा, आभासी यंत्रात चाचणी घ्यायची आणि निकालानुसार अर्धे बदल बाजूला टाकायचे, अशी ही रीत आहे. मध्ये १६,००० बदल असले तरी सुमारे १४ चाचण्यांत कारण सापडते.

मात्र दोष अनियमित असल्यास दुभाजन फसते. समजा, एखादा दोष सरासरी १० प्रयत्नांत एकदा दिसतो. अशा वेळी सलग १० प्रयत्न निर्दोष गेले तरी दोष तेथेच असण्याची आणि योगायोगाने न दिसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते. ती १ टक्क्याच्या खाली आणण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर ४४ निर्दोष प्रयत्न लागतात. एका टप्प्यावर चुकीने ‘निर्दोष’ अशी नोंद झाली की पुढील सर्व शोध भलत्याच दिशेने जातो. म्हणून दुभाजनापूर्वी दोष अधिक वारंवार घडवणारी परिस्थिती शोधण्यावर भर दिला जातो.

वीज खंडित होण्याची पुनर्निर्मिती

वीज अचानक जाणे ही फाइल प्रणालीची सर्वांत कठीण परीक्षा मानली जाते. आभासी यंत्राची प्रक्रिया अचानक बंद करणे हे वीज जाण्यासारखेच आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. क्यूईएमयूच्या नेहमीच्या मांडणीत पाहुण्या प्रणालीने डिस्ककडे पाठवलेला मजकूर यजमान संगणकाच्या स्मृतीत पोहोचलेला असतो. क्यूईएमयू बंद पडले तरी यजमान संगणक तो यथावकाश डिस्कवर लिहितो. त्यामुळे या कृतीने कर्नल कोलमडण्याची नक्कल होते, वीज जाण्याची नव्हे. खऱ्या डिस्कच्या अंतर्गत स्मृतीतील मजकूर वीज गेल्यावर नाहीसा होतो, आणि नेमक्या कोणत्या नोंदी टिकल्या व कोणत्या गेल्या, यावरच जर्नलची खरी कसोटी लागते.

ही उणीव भरून काढण्यासाठी डीएम-लॉग-राइट्स हे साधन वापरतात. २०१५ मध्ये कर्नलच्या ४.१ आवृत्तीत समाविष्ट झालेले हे साधन डिस्ककडे गेलेल्या प्रत्येक लेखनाची क्रमवार नोंद ठेवते. नंतर ती नोंद कोणत्याही टप्प्यापर्यंत नव्या डिस्कवर उतरवून ‘याच क्षणी वीज गेली असती तर’ या प्रश्नाचे उत्तर मिळवता येते. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात विकसित झालेल्या क्रॅशमंकी आणि एस या साधनांनी हीच कल्पना पुढे नेली. फाइलींवरील थोड्या क्रियांचे शक्य ते क्रम पद्धतशीरपणे रचून प्रत्येक क्रमानंतर संगणक कोलमडल्याची नक्कल केली जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात बराच काळ वापरात असलेल्या फाइल प्रणालींमध्येही पूर्वी अज्ञात असलेले दोष आढळले.

नवी मुंबईतील संदर्भ

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात पूर्वी प्रामुख्याने रसायने व अभियांत्रिकी उद्योग होते. ऐरोली, रबाळे आणि महापे या भागांत पुढे माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि डेटा सेंटर उभी राहिली. पनवेल परिसरातील योट्टा एनएम१ हे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांतील सर्व्हरवर लिनक्सचा वापर व्यापक असतो आणि एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची आभासी यंत्रे चालतात. परिणामी फाइल प्रणालीतील एकच दोष अनेक असंबंधित संस्थांच्या माहितीला बाधा आणू शकतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला. डेटा सेंटरमध्ये अशा प्रसंगासाठी बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रे असतात. वाशी किंवा नेरूळच्या एखाद्या लहान कार्यालयातील सर्व्हरला, शाळेच्या संगणक कक्षाला किंवा दवाखान्यातील नोंदींच्या संगणकाला तशी सोय असेलच असे नाही. त्या ठिकाणी वीज परत आल्यावर माहिती जशीच्या तशी मिळणे हे फाइल प्रणालीच्या जर्नलवर आणि त्यामागील चाचण्यांवर अवलंबून असते.

प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, या शासकीय संस्थेचे मुंबई केंद्र नवी मुंबईत खारघर रेल्वे स्थानकाजवळ आहे. सी-डॅकने विकसित केलेले बॉस हे लिनक्स वितरण डेबियनवर आधारित आहे. त्यामुळे डेबियनच्या कर्नलमधील दोष आणि त्यांची दुरुस्ती यांचा भारतीय वितरणांशीही थेट संबंध येतो.

उल्लेखनीय प्रकरणे

२०१२ : जर्नलमधील चेकसम

ऑक्टोबर २०१२ मध्ये कर्नलच्या ३.६ मालिकेत ईएक्सटी४वरील माहिती उत्तरोत्तर बिघडत असल्याची तक्रार एका वापरकर्त्याने नोंदवली. प्रारंभी संशय नुकत्याच झालेल्या एका बदलावर गेला आणि सर्व वापरकर्त्यांना धोका असल्याच्या बातम्या पसरल्या. परिस्थितीची काटेकोर पुनर्रचना केल्यावर वेगळे चित्र समोर आले. तक्रारदाराने माउंट करताना असा एक क्वचित वापरला जाणारा पर्याय दिला होता, ज्यामुळे जर्नलमधील नोंदींचे चेकसम तपासले जात. चेकसम म्हणजे मजकूर बदलला गेला आहे का, हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेली पडताळणीची संख्या. लस्टर ही फाइल प्रणाली घडवणाऱ्या क्लस्टर फाइल सिस्टिम्स या कंपनीच्या अभियंत्यांनी ही सोय तयार केली होती आणि २००८ मध्ये ती कर्नलमध्ये आली होती.

प्रत्यक्ष दोष असा होता की, नवी फाइल तयार करताना मोकळ्या आयनोडांचा नकाशा जर्नलच्या व्यवहाराबाहेर बदलला जात होता. आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलची मेटाडेटातील नोंद. या बदलामुळे चेकसम जुळत नसे आणि जर्नल पुन्हा वाचण्याचे काम अर्ध्यावर थांबे. रेड हॅटचे अभियंता एरिक सँडीन यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती सादर केली. प्रथम ज्या बदलावर संशय घेतला गेला होता तो कारणीभूत नव्हता.

२०१८ : कर्नल ४.१९

२२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ४.१९ आवृत्तीनंतर नोव्हेंबरमध्ये ईएक्सटी४ बिघडल्याच्या तक्रारी कर्नलच्या दोषनोंदवहीत येऊ लागल्या. काहींच्या संगणकावर काही तासांत फाइली बिघडत, तर त्याच आवृत्तीवर इतरांना कोणताही त्रास होत नसे. ईएक्सटी४च्या विकासकांच्या नेहमीच्या चाचण्यांत दोष प्रकट झाला नाही.

अखेर दुभाजनाने शोध फाइल प्रणालीच्या बाहेर नेला. दोष ईएक्सटी४मध्ये नसून तिच्या खालच्या, डिस्ककडे विनंत्या पाठवणाऱ्या बीएलके-एमक्यू या स्तरात होता. इनपुट-आउटपुट शेड्युलर न निवडलेल्या यंत्रणेत विनंती रांगेत न लावता थेट डिस्ककडे पाठवण्याची पद्धत ४.१९ मध्ये विस्तारली होती. डिस्कने त्या क्षणी विनंती घेण्यास असमर्थता दर्शवली तर ती परत रांगेत जाई. तेथे ती दुसऱ्या विनंतीशी जोडली जाण्याची शक्यता होती. परंतु ड्रायव्हरने पहिल्या विनंतीनुसार पत्त्यांची मांडणी आधीच करून ठेवलेली असे. परिणामी चुकीचा मजकूर लिहिला किंवा वाचला जाई. जेन्स ॲक्स्बो यांनी डिसेंबरच्या आरंभी दुरुस्ती सादर केली आणि ती ४.१९.८ मध्ये समाविष्ट झाली.

शेड्युलर निवडलेला असणे किंवा डिस्क नेहमी विनंती घेण्यास तयार असणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी हा दोष घडत नसे. त्यामुळे निर्दोष गेलेल्या चाचण्या खोट्या नव्हत्या. त्यांत दोष घडण्यास लागणारी परिस्थितीच नव्हती. पुनर्निर्मिती न होणे हा दोष नसल्याचा पुरावा ठरत नाही, याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

२०२३ : डेबियन १२.३

डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४शी संबंधित दोष उघड झाला. नव्या कर्नलमधील एक सुधारणा जुन्या ६.१ मालिकेत आणताना, ती ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होती तो आणला गेला नव्हता. त्यामुळे स्मृतीतील साठा टाळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत, लेखनानंतर फाइलमधील पुढील स्थान चुकीचे नोंदले जाई. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या संचातील एक चाचणी अयशस्वी झाल्याने शोधाला दिशा मिळाली. डेबियनने १२.३ चे वितरण थांबवले आणि १० डिसेंबर २०२३ रोजी दुरुस्त कर्नलसह १२.४ प्रसिद्ध केले. २०१८ च्या प्रकरणाच्या उलट, येथे लहान आणि प्रत्येक वेळी निश्चित निकाल देणारी चाचणी आधीच उपलब्ध होती. त्यामुळे कारण थोड्या दिवसांत निश्चित झाले.

मर्यादा

आभासी यंत्र खऱ्या संगणकाची सर्व अंगे दाखवत नाही. डिस्कच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील चुका, सदोष स्मृती, सैल केबल किंवा रेड कंट्रोलरचे वर्तन यांची नक्कल त्यात होत नाही. क्यूईएमयूमध्ये सर्रास वापरली जाणारी व्हर्टआयओ डिस्क खऱ्या साटा किंवा एनव्हीएमई डिस्कपेक्षा निराळ्या ड्रायव्हरने चालते. त्यामुळे त्या ड्रायव्हरांतील दोष तिच्यावर दिसत नाहीत. आभासी यंत्रातील घटनांची वेळही यजमान संगणकावरील इतर भारानुसार बदलते, म्हणून काही दोष तेथे अधिक, तर काही कमी वेळा घडतात.

अशा वेळी दोन उपाय केले जातात. एक म्हणजे आभासी डिस्कचा प्रकार, रांगेची लांबी, गाभ्यांची संख्या आणि शेड्युलर एकेक करून मूळ संगणकाशी जुळवणे. दुसरा म्हणजे खरी डिस्क थेट आभासी यंत्राला जोडणे. दोन्हींनंतरही दोष घडला नाही, तर हार्डवेअरची तपासणी केली जाते. उलट, वेगळ्या हार्डवेअरवरील आभासी यंत्रातही तोच दोष घडल्यास मूळ संगणकाच्या हार्डवेअरवरील संशय बहुतांशी दूर होतो.

पुनर्निर्मितीमुळे गेलेली माहिती परत मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र ठिकाणी ठेवलेला आणि वेळोवेळी परत उतरवून तपासलेला बॅकअप हाच विश्वसनीय मार्ग आहे. पुनर्निर्मितीचा लाभ पुढील वापरकर्त्यांना होतो: दोष निश्चित झाल्यावर त्याची दुरुस्ती स्थिर आवृत्त्यांमार्फत सर्वत्र पोहोचते.

हे सुद्धा पहा

लिनक्स कर्नल
फाइल प्रणाली
आभासीकरण
गिट
प्रगत संगणन विकास केंद्र
नवी मुंबई